धागा: ४.९ वर अडकलेलं वर्डप्रेस आजच्या आवृत्तीवर न्यायचं, तर कोणत्या क्रमाने?

टर्मिनलबुवा

स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस चालवणाऱ्यांचे एकाच धर्तीचे प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत विखुरले आहेत. ब्लॉग ४.९ च्या आसपास थांबलेला, पीएचपी (वर्डप्रेस जिच्यात लिहिलंय ती भाषा) ५.६, आणि होस्टिंगकडून 'जुनं पीएचपी बंद होतंय' असा मेल. म्हणून एक ठरावीक उदाहरण धरून लिहितो: वर्डप्रेस ४.९, पीएचपी ५.६, सीपॅनेल या नियंत्रण-पानाचं शेअर्ड होस्टिंग, एसएसएच (सर्व्हरचं टर्मिनल) चालू, वीसेक प्लगइन, लेख मराठीत आणि पर्मालिंकही (लेखांचे पत्ते) देवनागरीत. तुम्ही ५.४ किंवा ५.८ वर असाल तर काही पायऱ्या गाळता येतील.

आधी एक सूचना. हा मंच दोन जोडलेल्या आडव्या रेघांची एक लांब रेघ करतो आणि सरळ अवतरणं वाकडी करतो. इथून कमांड कॉपी केली की ती टर्मिनलवर चालत नाही. म्हणून कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, तिकडे हाताने रोमनमध्ये टाइप करा.

अपग्रेडचं बटण दाबायला दहा मिनिटं पुरतात. वेळ जातो तो बिघडल्यावर मागे कसं यायचं याची सोय करण्यात, आणि ती सोय आधी करायची. पहिल्या दिवशी काहीही अपडेट करू नका. बॅकअप घ्या, तो दुसऱ्या सबडोमेनवर उभा करा, तिथे ब्लॉग नीट दिसला की मगच पुढचं.

बॅकअपमध्ये काय हवं: डेटाबेस, डब्ल्यूपी-कन्टेन्ट हा पूर्ण फोल्डर, मुळातली डब्ल्यूपी-कन्फिग.पीएचपी आणि डॉट-एचटीअ‍ॅक्सेस. बाकीच्या मूळ फायली कधीही परत उतरवता येतात, फक्त आपला नेमका आवृत्ती क्रमांक लिहून ठेवा. कोणी मूळ फायलींत हात घातला आहे का हे डब्ल्यूपी-सीएलआय या टर्मिनलवरच्या साधनाची 'डब्ल्यूपी कोअर व्हेरिफाय-चेकसम्स' ही कमांड सांगते. त्यात नावं आली तर ते बदल अपग्रेडमध्ये पुसले जाणार, तेव्हा ते कशासाठी केले होते हे आत्ताच शोधा.

डेटाबेससाठी मायएसक्यूएलडम्प (पूर्ण डेटाबेस एका फाइलमध्ये उतरवणारी कमांड), सोबत सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय. तक्त्यांचे इनोडीबी आणि मायआयसॅम असे दोन प्रकार असतात, तो पर्याय इनोडीबीपुरताच खरा. जुन्या ब्लॉगांत मायआयसॅम तक्ते हमखास असतात, त्यांच्यासाठी डम्प चालू असताना प्रतिक्रिया बंद ठेवा. झाल्यावर फाइलची शेवटची ओळ बघा: तिथे 'डम्प कम्प्लीटेड' नसेल तर डम्प अर्धवट आहे, मग फाइल कितीही मोठी दिसो. आणि ती पब्लिक-एचटीएमएलच्या (ब्राउझरमधून दिसणाऱ्या फोल्डरच्या) आत ठेवू नका. 'बॅकअप.एसक्यूएल' असल्या नावांच्या फायली शोधत फिरणारे बॉट रोज येतात. त्या फाइलमध्ये वाचकांचे ईमेल पत्ते आणि पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) असतात.

बाइटवाली

मराठी ब्लॉगांसाठी डम्पची एक बाजू स्वतंत्रपणे बघायला हवी: अक्षरसंच. मायएसक्यूएलडम्पला डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट सांगा आणि शक्यतो तो यूटीएफ८एमबी४ असू दे. पण त्याआधी पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये पोस्ट्सचा तक्ता उघडून एखादा मराठी लेख वाचून बघा.

साइटवर मराठी नीट दिसतंय आणि पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये मात्र डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाचं चिन्ह, मध्येच येनचं चिन्ह, अशी रांग दिसतेय? मग तक्ता लॅटिन१ आहे आणि त्यात यूटीएफ-८ चे बाइट तसेच कोंबलेले आहेत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, त्यातला पहिला नेहमी सारखा आणि दुसरा दोन ठरावीक बाइटांपैकी एक. म्हणून तीच खूण पुन्हापुन्हा दिसते. वर्डप्रेसमध्ये कन्फिगमधून अक्षरसंच सांगायची डीबी-कॅरसेट ही सोय २००७ साली २.२ पासून आली. त्याआधी सुरू झालेल्या ब्लॉगांत ही गडबड सर्रास असते.

असा डेटाबेस यूटीएफ८एमबी४ सांगून डम्प केला तर सर्व्हर त्या तीन बाइटांना तीन वेगळी अक्षरं समजून पुन्हा सांकेतिक करतो आणि दुहेरी कचरा तयार होतो. उपाय: लॅटिन१ सांगून, स्किप-सेट-कॅरसेट देऊन डम्प घ्या. फाइल यूटीएफ-८ समजणाऱ्या संपादकात उघडा. मराठी वाचता आलं तर बाइट शाबूत आहेत. मग फाइलमधल्या तक्त्यांच्या व्याख्येतला लॅटिन१ बदलून यूटीएफ८एमबी४ करा, नव्या रिकाम्या डेटाबेसमध्ये आयात करा आणि त्या प्रतीच्या कन्फिगमध्ये डीबी-कॅरसेट तेच लिहा. हे फक्त प्रतीवर. मूळ डेटाबेसमध्ये थेट 'ऑल्टर टेबल' चालवू नका.

'४.२ मध्ये वर्डप्रेसने आपोआप यूटीएफ८एमबी४ केलं होतं ना?' असं कोणी म्हणेल. केलं, २०१५ साली, पण जे तक्ते आधीच यूटीएफ८ होते तेवढेच. लॅटिन१ तक्त्यांना त्याने हात लावलेला नाही.

चहाबाज

बुवा, वाचनखूण साठवली. एक शंका: नेहमीचा सल्ला 'आधी प्लगइन, मग थीम, शेवटी वर्डप्रेस' असा असतो. नवं प्लगइन जुन्या वर्डप्रेसवर बहुधा चालतं, उलटं चालेलच असं नाही, हे त्यामागचं तर्कशास्त्र. इथेही तोच क्रम ना?

टर्मिनलबुवा

चहाबाज, ५.२ किंवा त्यापुढे असाल तर तोच क्रम. ४.९ वर मात्र उलटा.

प्रत्येक प्लगइन आपल्याला किमान कोणतं पीएचपी लागतं ते लिहून ठेवतं. ते वाचून अपडेट अडवण्याची अक्कल वर्डप्रेसला ५.१ आणि ५.२ या दोन आवृत्त्यांत, २०१९ साली आली. ४.९ ते बघतच नाही. म्हणजे पीएचपी ५.६ वर 'सगळी प्लगइन अपडेट करा' दाबलं की ७.४ मागणारं प्लगइन निमूट उतरतं आणि पुढच्या क्षणी पान पांढरं. त्यात ५.२ च्या आधी रिकव्हरी मोडही (बिघडलेलं प्लगइन थांबवून आत येऊ देणारी सोय) नाही, त्यामुळे डॅशबोर्डही जातो.

म्हणून माझा क्रम असा. पीएचपी ५.६ तसंच ठेवून वर्डप्रेस ४.९ वरून थेट ६.२ मालिकेतल्या शेवटच्या आवृत्तीवर. मधल्या आवृत्त्या एकेक चढायची गरज नाही. डेटाबेसचे साचलेले बदल अपग्रेड एकामागून एक करून घेतं. ६.२ च का, तर पीएचपी ५.६ वर चालणारी ती शेवटची मालिका. ६.३ ला किमान ७.० लागतं, ६.६ ला ७.२.२४. कमांड: 'डब्ल्यूपी कोअर अपडेट', पुढे व्हर्जन म्हणून तो क्रमांक, मग 'डब्ल्यूपी कोअर अपडेट-डीबी'. ही दुसरी कमांड लोक विसरतात. डॅशबोर्ड उघडला की तो डेटाबेस अपडेटचं बटण दाखवतो खरा, पण तोवर साइट नव्या फायली आणि जुना डेटाबेस अशा जोडीवर चालत असते.

मग पीएचपी ७.४. एकदम ८ वर उडी मारू नका. क्रिएट-फंक्शन आणि ईच ही दोन फंक्शनं ७.२ मध्ये नापसंत ठरली, महिरपी कंसाने अ‍ॅरेतला घटक काढायची पद्धत ७.४ मध्ये, आणि ८.० मध्ये तिन्ही काढून टाकली. ७.४ वर यातलं काही सापडलं तर लॉगमध्ये फाइलच्या नावासकट आणि ओळ क्रमांकासकट इशारा येतो, साइट चालू राहते. तीच ओळ ८.० वर साइट पाडते. ७.४ चा सुरक्षा-पाठिंबा नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला आहे, तेव्हा तिथे मुक्काम नाही, तपासणीपुरता थांबा.

७.४ वर असताना कन्फिगमध्ये डब्ल्यूपी-डीबग आणि डब्ल्यूपी-डीबग-लॉग चालू, डब्ल्यूपी-डीबग-डिस्प्ले बंद. लॉगची फाइल मुळात डब्ल्यूपी-कन्टेन्टमध्ये, म्हणजे कोणालाही ब्राउझरमधून वाचता येईल अशा जागी बनते. ५.१ पासून डीबग-लॉगला हवा तो मार्ग देता येतो, तो पब्लिक-एचटीएमएलच्या बाहेरचा द्या. शिवाय 'ग्रेप' ने प्लगइन आणि थीमच्या फोल्डरांत क्रिएट-फंक्शन शोधा, कारण लॉगमध्ये फक्त चाललेला कोड येतो, न उघडलेल्या पानांमधला नाही.

त्यानंतर प्लगइन व थीम, मग वर्डप्रेसची चालू आवृत्ती, पुन्हा एकदा प्लगइन (काहींना नवं वर्डप्रेस लागत असल्याने ती पहिल्या फेरीत मागे राहतात), आणि शेवटी पीएचपी ८.२ किंवा ८.३.

चहाबाज

पटलं. पुरवणी: टर्मिनलवरचं पीएचपी आणि वेबचं पीएचपी एकच असेल असं धरू नका. सीपॅनेलमधल्या मल्टीपीएचपीने डोमेनचं पीएचपी बदललं तरी एसएसएचमध्ये 'पीएचपी -व्ही' वेगळाच आकडा सांगू शकतो. वर्डप्रेसला कोणतं मिळतंय ते साइट हेल्थच्या पानावर, ५.२ पासून.

बाइटवाली

देवनागरी पर्मालिंकवाल्यांनी ६.२ वर जायच्या आधी हे बघा. पर्मालिंकचा रकाना २०० जागांचा असतो आणि त्यात देवनागरी टक्केवारीच्या सांकेतिक रूपात जाते: एका चिन्हाला ९ जागा. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळी स्वतंत्र चिन्हं. 'महाराष्ट्रातील' या एका शब्दात १४ चिन्हं, म्हणजे १२६ जागा. एकूण २२ चिन्हांत दुकान बंद. म्हणून मराठी शीर्षकांच्या पर्मालिंक अर्ध्यावर तुटलेल्या दिसतात.

त्यावर तोडगा म्हणून काहींनी रकाना रुंद केलेला असतो आणि मूळ फॉरमॅटिंग.पीएचपी मधली मर्यादाही वाढवलेली असते. अपग्रेडमध्ये दोन्ही जातात. फाइल तर बदलतेच, शिवाय डेटाबेस अपडेटच्या वेळी वर्डप्रेस प्रत्येक तक्त्याची रचना आपल्या नमुन्याशी ताडून बघतं आणि रकाना पुन्हा २०० चा करतं. त्यापुढचा मजकूर कापला जातो, जुने दुवे ४०४ होतात.

आधी पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये पोस्ट्सच्या तक्त्याची रचना बघा. पोस्ट-नेमसमोर २०० च असेल तर चिंता नाही. जास्त असेल तर २०० च्या वर लांबी असलेल्या लेखांची यादी काढा, त्यांना छोट्या पर्मालिंक द्या आणि जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे ३०१ वळणं डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये लिहा. वळणं वर्डप्रेसच्या ठरलेल्या खुणांच्या पट्ट्याबाहेर लिहायची. त्या पट्ट्यातलं सगळं वर्डप्रेस पर्मालिंक सेटिंग साठवताना नव्याने लिहितं.

ओसरीवरचा

चाचणी-प्रतीबद्दल लिहितो, कारण इथे वेळ वाचवता येतो.

सीपॅनेलमध्ये सबडोमेन काढा. पीएचपीची आवृत्ती प्रत्येक डोमेनला वेगळी देता येते, त्यामुळे मूळ साइट ५.६ वर आणि प्रत ७.४ वर सुखाने नांदतात. अपलोड्सचा फोल्डर कॉपी करू नका. दहा वर्षांच्या ब्लॉगात तोच सगळ्यात जड असतो आणि शेअर्ड होस्टिंगवर जागेबरोबर फायलींच्या संख्येवरही मर्यादा असते. प्रतीच्या अपलोड्समध्ये डॉट-एचटीअ‍ॅक्सेस ठेवून, फाइल सापडली नाही तर मूळ साइटच्या पत्त्याकडे वळवा. चित्रं दिसतात, जागा जात नाही.

पत्ता बदलायला 'डब्ल्यूपी सर्च-रिप्लेस', आधी ड्राय-रन लावून, आणि जीयूआयडीचा (लेखाच्या कायमच्या ओळखीचा) रकाना वगळून. डम्पच्या फाइलमध्ये थेट शोधा-आणि-बदला करू नका. विजेट आणि थीमच्या सेटिंगा सीरियलाइज केलेल्या असतात, त्यात मजकुराच्या आधी त्याची बाइटमधली लांबी लिहिलेली असते. पत्ता लहान-मोठा झाला आणि लांबी तीच राहिली की ती सेटिंग वाचताच येत नाही, आणि साइडबार रिकामा दिसतो.

दोन सर्व्हरांमध्ये डेटाबेस हलवताना येणाऱ्या दोन अडचणी:

'अननोन कोलेशन' (कोलेशन म्हणजे अक्षरांच्या तुलनेचा आणि क्रमवारीचा नियम), आणि नावात ०९००. मायएसक्यूएल ८ चा डम्प जुन्या मारियाडीबीवर नेताना हे येतं. डम्पमध्ये त्या कोलेशनच्या जागी यूटीएफ८एमबी४-युनिकोड-५२०-सीआय घाला. वर्डप्रेस स्वतः तेच वापरतं.

पहिल्याच ओळीवर 'अननोन कमांड' म्हणून आयात थांबते. २०२४ पासूनच्या मारियाडीबी आवृत्त्या डम्पच्या पहिल्या ओळीत सँडबॉक्स मोडची एक खूण घालतात, ती जुन्या क्लायंटला कळत नाही. 'टेल' ने पहिली ओळ वगळून बाकीची फाइल आयात करा.

प्रतीला पासवर्ड लावा (सीपॅनेलमधली डिरेक्टरी प्रायव्हसी), 'सर्च इंजिनांना परावृत्त करा' वर खूण करा, आणि मेल पाठवणारी प्लगइन लगेच बंद करा. वर्गणीदारांना मेल पाठवणारं प्लगइन प्रतीवर जागं राहिलं तर चाचणी लेखाचा मेल सगळ्या वाचकांना जातो.

नवीनकोरी

एसएसएच मिळतच नाही अशा होस्टिंगवर काय करायचं? माझ्याकडे फक्त एफटीपी आणि पीएचपीमायअ‍ॅडमिन आहे.

टर्मिनलबुवा

नवीनकोरीताई, होतं, फक्त वेळ जास्त लागतो. डेटाबेस पीएचपीमायअ‍ॅडमिनच्या एक्स्पोर्टमधून, जीझिप करून. आयातीला अपलोड-मर्यादा आडवी आली तर तक्ते दोन-तीन गटांत वेगळे काढा. बहुतेक वेळा मोठा तक्ता एकच असतो: एखाद्या आकडेवारीच्या किंवा सुरक्षेच्या प्लगइनचा लॉग. त्याची फक्त रचना घ्या, माहिती सोडा.

फायलींसाठी ६.२ मालिकेची झिप उतरवून संगणकावर उघडा. सगळी प्लगइन बंद करा. सर्व्हरवरचे डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन आणि डब्ल्यूपी-इन्क्लूड्स हे दोन फोल्डर काढून नवे चढवा. जुन्यावर नवं लोटू नका, नाहीतर नव्या आवृत्तीत नसलेल्या फायली तशाच पडून राहतात. मुळातल्या सुट्या फायली ओव्हरराइट करा. डब्ल्यूपी-कन्टेन्ट काढायचा नाही. झिपमधला डब्ल्यूपी-कन्टेन्ट चढवायचाही नाही, त्यात फक्त नमुन्याच्या थीम आणि प्लगइन असतात. कन्फिगला हात नाही. मग ब्राउझरमध्ये डब्ल्यूपी-अ‍ॅडमिनखालचं अपग्रेड.पीएचपी उघडा आणि प्लगइन एकेक करून चालू करा.

एफटीपीने हजारो छोट्या फायली चढवताना मध्ये दोन-चार गळतात. त्यापेक्षा झिप तशीच चढवून सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमधून एक्स्ट्रॅक्ट करणं बरं.

नवीनकोरी

धन्यवाद! आणि ५.० नंतरचा तो ठोकळ्यांचा संपादक नको असेल तर?

टर्मिनलबुवा

अपग्रेडच्या आधीच क्लासिक एडिटर प्लगइन बसवा, ते ४.९ वरही बसतं. जुने लेख दोन्ही संपादकांत उघडतात. मराठी टंकनासाठी जुन्या संपादकात बटण बसवणारं प्लगइन असेल तर ते ठोकळ्यांत चालेल अशी अपेक्षा धरू नका. कीबोर्ड ऑपरेटिंग सिस्टिममध्येच बसवून घ्या.

पॅचवाला

अपग्रेड अडकलं की विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात, म्हणून एकत्र देतो.

'देखभालीसाठी थोडा वेळ बंद' हा संदेश जात नाही. अपडेट चालू असताना वर्डप्रेस मूळ फोल्डरात डॉट-मेंटेनन्स नावाची फाइल ठेवतं. ती काढा, असं सगळे सांगतात, आणि ते बरोबर आहे. पण १० मिनिटं उलटली की वर्डप्रेस ती फाइल मानतच नाही. अर्ध्या तासानेही संदेश दिसत असेल तर तो पेज-कॅशमधून येतोय. फाइल नव्हे, कॅश साफ करा.

'दुसरं अपडेट चालू आहे.' ऑप्शन्सच्या तक्त्यात कोअर-अपडेटर.लॉक ही नोंद राहिली आहे. १५ मिनिटांनी ती निकामी होते. घाई असेल तर 'डब्ल्यूपी ऑप्शन डिलीट' ने काढा.

पांढरं पान किंवा 'गंभीर त्रुटी'. ५.२ पासून प्रशासकाच्या ईमेलवर रिकव्हरी मोडचा दुवा येतो. त्या दुव्याने आत गेलं की बिघडलेलं प्लगइन फक्त तुमच्यापुरतं थांबवलेलं असतं, वाचकांना साइट अजून पडलेलीच दिसते. ते खरोखर बंद करून बाहेर या. मेल येत नसेल तर प्लगइन्स फोल्डरचं नाव बदला, म्हणजे सगळी बंद. डॅशबोर्डवर प्लगइनचं पान एकदा उघडा, मग नाव पूर्ववत करा आणि एकेक चालू करत जा. लॉगमध्ये 'अलाउड मेमरी साइझ' दिसलं तर तो कोडचा दोष नाही. वर्डप्रेस मुळात ४० एमबी मागतं, कन्फिगमध्ये डब्ल्यूपी-मेमरी-लिमिट २५६ एमबी करा.

फायली बदलल्या पण साइट जुनीच वागतेय. ऑपकॅश, म्हणजे पीएचपीने साठवून ठेवलेला तयार कोड. होस्टिंगने फायलींच्या वेळा तपासणं बंद ठेवलं असेल तर पीएचपी पुन्हा सुरू होईपर्यंत जुनाच कोड चालतो. मल्टीपीएचपीमध्ये आवृत्ती बदलून परत आणली तरी काम होतं. रेडिस (डेटाबेसमधून आणलेली माहिती साठवणारी कॅश) असेल तर 'डब्ल्यूपी कॅश फ्लश' वेगळा, आणि डब्ल्यूपी-कन्टेन्टमधली ऑब्जेक्ट-कॅश.पीएचपी ज्या प्लगइनची होती ते अजून आहे का तेही बघा. प्लगइन काढल्यावरही ही फाइल मागे राहते आणि प्लगइन्स फोल्डरचं नाव बदललं तरी ती चालूच असते.

अपडेट करताना एफटीपीचा पासवर्ड मागतंय. फायलींचा मालक आणि पीएचपी ज्या नावाने चालतं तो मालक वेगळे आहेत. ७७७ करू नका, कोणी कितीही सांगो. मालकी नीट करा, फोल्डर ७५५, फायली ६४४.

मेनू उघडत नाही, स्लायडर हलत नाही, लेख मात्र ठीक. जेक्वेरी ही पानं हलती ठेवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी. ५.५ मध्ये तिचा जुना कोड चालवून घेणारं जेक्वेरी मायग्रेट काढलं, ५.६ मध्ये जेक्वेरी ३.५.१ वर गेलं. जुन्या थीमचा कोड तिथे मोडतो. कन्सोलमध्ये 'लाइव्ह इज नॉट अ फंक्शन' दिसेल. लेखकाने सोडून दिलेली थीम असेल तर डागडुजीपेक्षा थीम बदलणं स्वस्त पडतं.

ओसरीवरचा

+१. त्यात भर: थीमच्या मूळ फायलींत केलेले बदल थीम अपडेट होताच जातात. आधी त्याच आवृत्तीची कोरी थीम उतरवून 'डिफ -आर' ने ताडून बघा आणि फरक चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर आपले बदल ठेवणाऱ्या वेगळ्या थीममध्ये) हलवा. मराठी भाषांतराच्या फायलींचंही तसंच. डब्ल्यूपी-कन्टेन्टमधल्या लँग्वेजेस फोल्डरातली एमआर.एमओ हाताने सुधारली असेल तर भाषेचं पुढचं अपडेट ती बदलून टाकतं.

चहाबाज

हे सगळं पुन्हा करावं लागू नये म्हणून स्वयंचलित अपडेट चालू ठेवावीत की नाहीत? मी 'नाही' च्या बाजूने. रात्री आपोआप काही बदललं आणि सकाळी साइट पडलेली, हे कोणाला हवंय?

पॅचवाला

असहमत. निदान छोट्या आवृत्त्यांसाठी चालूच हवीत. ती सोय ३.७ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे आणि त्यात बहुतेक सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होतं हे सगळ्यांना कळतं, आणि नंतर अपडेट न केलेल्या साइट शोधायला बॉटला वेळ लागत नाही. मोठ्या आवृत्त्या हाताने करा, हरकत नाही: डब्ल्यूपी-ऑटो-अपडेट-कोअरला 'मायनर' ही किंमत द्या. प्लगइनची स्वयंचलित अपडेट ६.६ पासून जास्त सुरक्षित झाली आहेत. अपडेटनंतर घातक त्रुटी आली तर जुनी आवृत्ती आपोआप परत बसते.

'चालू आहेत पण होत नाहीत' याची दोन कारणं. कन्फिगमध्ये डिसेबल-डब्ल्यूपी-क्रॉन आहे पण सर्व्हरवर क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) लावलेलाच नाही. किंवा साइटच्या फोल्डरात डॉट-गिट (गिट या आवृत्ती-नोंदीच्या साधनाचा फोल्डर) आहे, ते दिसलं की वर्डप्रेस आपोआप होणारी अपडेट स्वतःहून थांबवतं.

चहाबाज

छोट्या आवृत्त्यांपुरतं मान्य. प्लगइनचं अजून नाही. घातक त्रुटी पकडली जाते, पण प्रतिक्रियांचा फॉर्म गुपचूप गायब झाला तर ते कोणतंही यंत्र पकडत नाही.

पॅचवाला

तो मुद्दा बरोबर आहे. फॉर्म आणि कॅशची प्लगइन हाताने, बाकीची आपोआप, अशी विभागणी करता येते. ५.५ पासून प्रत्येक प्लगइनसमोर वेगळं बटण आहे.

बाइटवाली

मागे येण्याबद्दल. 'फायली जुन्या टाकल्या की झालं' असं नाही. डेटाबेसही त्याच वेळचा हवा, आणि ६.८ नंतर त्याला एक ठोस कारण आहे. ६.८ मध्ये, एप्रिल २०२५ पासून, पासवर्ड बीक्रिप्ट या हॅश-पद्धतीने साठवले जातात. जुना हॅश चालतो, पण माणूस लॉगिन झाला की त्याचा हॅश नव्या पद्धतीने लिहिला जातो. मग फक्त फायली ६.७ वर आणल्या तर मधल्या काळात लॉगिन झालेले सगळे बाहेर अडकतात, बहुधा सगळ्यात आधी प्रशासक स्वतः. तसं झालं तर 'डब्ल्यूपी यूजर अपडेट' ने नवा पासवर्ड द्या किंवा पासवर्ड विसरल्याचा मेल मागवा.

टर्मिनलबुवा

म्हणून प्रत्यक्ष दिवशी मूळ साइटवर क्रम असा: नवे लेख आणि प्रतिक्रिया बंद, ताजा डम्प, डब्ल्यूपी-कन्टेन्टची प्रत, डिस्कवर निदान ५०० एमबी मोकळे आहेत ना ते बघणं, आणि मग प्रतीवर केलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने. प्रतीवर काम करताना कमांड एका फाइलमध्ये लिहीत गेलात तर इथे विचार करावा लागत नाही. प्रतिक्रिया बंद अशासाठी, की मागे यायचं ठरलं तर डम्पनंतर आलेलं सगळं जातं.

झाल्यावर लॉगआउट करून खासगी खिडकीत बघा, कारण लॉगिन असताना बहुतेक कॅश तुम्हाला वगळते. पहिलं पान, देवनागरी पर्मालिंकचा एक जुना लेख, मराठी शब्दाचा शोध, एक प्रतिक्रिया, फीड. फीड एक्सएमएलच्या चुकीने तुटलं तर थीमच्या फंक्शन्स.पीएचपी मध्ये सुरुवातीच्या खुणेआधी रिकामी ओळ किंवा बीओएम (फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण) आहे. मग लॉगिन करून मसुदा साठवा आणि एक चित्र चढवा. मसुदा साठवताना 'वैध जेसन नाही' आलं तर आधी पर्मालिंकचं सेटिंग पुन्हा साठवून बघा. तरी येत असेल तर होस्टिंगला मॉडसिक्युरिटी या सर्व्हरवरच्या सुरक्षा-चाळणीचा लॉग बघायला सांगा.

नवीनकोरी

प्रतीवर ६.२ झालं, मराठी शाबूत. ७.४ वर नेल्यावर लॉगमध्ये क्रिएट-फंक्शनचा इशारा आलाय, एका संबंधित-लेख दाखवणाऱ्या प्लगइनमधून. डॅशबोर्डवर त्याचं अपडेट काही दिसत नाही.

पॅचवाला

अपडेट दिसत नाही याचा अर्थ ते अद्ययावत आहे असा नव्हे. वर्डप्रेसच्या प्लगइन-संग्रहात त्याचं पान उघडा. बंद केलेल्या प्लगइनवर तशी सूचना असते, डॅशबोर्ड मात्र गप्प राहतो. बंद असेल तर काढून टाका आणि चालू असलेलं दुसरं घ्या. जुनं काढण्याआधी लेखांत त्याचे शॉर्टकोड आहेत का ते शोधा, नाहीतर चौकोनी कंसातला मजकूर वाचकांना तसाच दिसेल.

नवीनकोरी

पान उघडलं, 'बंद' असंच लिहिलंय. शॉर्टकोड तीन लेखांत आहेत, ते हाताने काढते आणि मग ८.२ लावते.